दुपार अडवणारी भिंत

दुपारी झोपणाऱ्या माणसांवर सोनवणे मॅडमचा विश्वास नव्हता. मी डोंबिवलीचा, त्यामुळे दुपारची झोप हा माझ्या लेखी संस्कारांचाच भाग. आमच्याकडे रविवारी जेवणं झाल्यावर बेल वाजली, तर आजोबा आतूनच "घरी कोणी नाही" असं ओरडून सांगत आणि कूस बदलत. अशा घराण्यातला मी, लॅबमध्ये डबा खाऊन झाला की खुर्चीतच मान टाकायचो. मॅडम समोरून जाताना माझ्या टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवायच्या. आपटायच्या नाहीत, नुसता ठेवायच्या.

"झोपलास का रे समीर?"

"नाही मॅडम, डोळे मिटले होते फक्त."

"मग उघड. मिटून काय दिसतं?"

हे त्यांनी म्हणावं याची मला गंमत वाटायची, कारण दिवसभर उघड्या डोळ्यांनी स्वप्नात असलेली दुसरी बाई मी पाहिलेली नाही. समोरचा माणूस बोलत असायचा आणि मॅडम त्याच्या खांद्यावरून खिडकीबाहेर, येऊरच्या डोंगराकडे बघत असायच्या. आपलं बोलणं वाया गेलं असं वाटून माणूस गप्प झाला, की मॅडम त्याच्या शेवटच्या वाक्याचं बरोबर उत्तर द्यायच्या. कान इथे आणि डोळे तिथे, असं त्यांचं ठरलेलं असावं.

आमची लॅब ठाण्याच्या जुन्या कारखान्यांच्या भागात, एका बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याच्या मागे होती. काम म्हणाल तर ठोकळे फोडायचं. बिल्डिंगसाठी काँक्रीट ओततात, तेव्हा त्यातलंच थोडं लोखंडी साच्यात भरून वीतभर लांबीरुंदीचे ठोकळे करतात. त्यांना आम्ही क्यूब म्हणतो. काही दिवस ते पाण्यात मुरले की आमच्याकडे येतात, आम्ही ते मशीनमध्ये ठेवून फुटेपर्यंत दाबतो, आणि कितव्या दाबाला फुटले त्यावरून त्या काँक्रीटची लायकी ठरते. घोडबंदर रोडला आज ज्या टॉवरांच्या टोकाकडे बघताना मान दुखते, त्यांतल्या कितीतरी टॉवरांचे ठोकळे आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये फुटलेले आहेत. या सगळ्या फोडाफोडीच्या मुख्य म्हणजे कमल सोनवणे मॅडम. बुटक्या, सावळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि खोबरेल तेल चोपडून घट्ट बांधलेला अंबाडा.

विचार करायचा असला की मॅडम खुर्चीत मागे रेलून डोकं भिंतीला टेकवायच्या. त्यामुळे त्यांच्या खुर्चीमागे, डोक्याच्या उंचीवर, तेलाचा एक गोल डाग होता. दर दिवाळीला रंगारी त्यावर रंग मारून जायचा आणि होळीपर्यंत डाग पुन्हा वर यायचा. लॅबचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, एकदा म्हणाले, "मॅडम, भिंत खराब होते हो." मॅडम म्हणाल्या, "सर, भिंत टेकण्यासाठीच असते. नुसती बघायची असती तर चित्र लावलं असतं."

मशीन चालवायचा दत्ता. तो दिवा गावचा, मूळचा आगरी, कामाला पक्का आणि तोंडाला मोकळा. क्यूब मशीनमध्ये ठेवण्याआधी मॅडम तो तळहाताने पुसायच्या, बाळाचं तोंड पुसतात तसा. मग म्हणायच्या, "हां, बोल बाबा आता." दत्ता दाब वाढवत न्यायचा आणि मॅडम डोळे मिटून उभ्या राहायच्या. काँक्रीट फुटायच्या आधी आतून कुजबुजतं. बारीक टकटक, मग चरचर, आणि मग एकदम फाटकन आवाज. हा शेवटचा आवाज व्हायच्या अगदी जरासं आधी मॅडमचं बोट वर जायचं. दत्ता म्हणायचा, "मॅडमना आदी कलतं. काटा मंग येतं सांगाला."

क्यूबवरून मॅडम साइटचा स्वभाव ओळखायच्या. काही ठेकेदार बिल्डिंगमध्ये पातळ माल ओततात आणि आमच्याकडे पाठवायला दोन-चार क्यूब वेगळे, भरपूर सिमेंट घालून करवून घेतात. असा क्यूब हातात आला की मॅडम त्याचं वजन तोलून म्हणायच्या, "हा घरून जेवून आलाय." मग त्या स्वतः हेल्मेट घालून साइटवर जायच्या आणि आपल्या डोळ्यांसमोर क्यूब भरून आणायच्या. त्यामुळे त्यांच्यावर प्रेम करणारे ठेकेदार कमी होते.

फुटलेल्या क्यूबचा ढीग शेडच्या मागे साठायचा. आठवड्याला एक डंपर यायचा आणि ढीग घेऊन जायचा. एका दुपारी मी त्या ढिगापाशी उभा राहून पेंगत होतो, तेव्हा मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. ऊन उतरायला लागलेलं होतं, धूळ हवेत नुसती थांबून राहिली होती आणि ढिगावर कबुतरं बसली होती. प्रत्येक तुकड्यावर लाल रंगात साइटच्या नावाची अर्धीमुर्धी इंग्रजी अक्षरं होती. 'लेक ब्री', 'हिल क्रे', 'रॉयल मे'. मॅडम म्हणाल्या, "हे कुठे जातं रे?"

"खाडीत टाकत असतील मॅडम. तिवरांत."

"आयुष्यभर फोडलं मी," त्या म्हणाल्या, "आणि एकदाही विचारलं नाही, कुठे जातं ते."

त्यानंतर मॅडमनी डंपर थांबवला आणि त्यांचं स्वप्न सुरू झालं.

स्वप्न असं होतं. कल्याणला रेल्वेलाइनच्या पलीकडे त्यांची जुनी वस्ती, आणि वस्तीत त्यांची जुनी खोली. चारही बाजूंनी आणि वरूनही पत्रा. मॅडम आणि त्यांची धाकटी बहीण लताताई तिथेच वाढल्या, पुढे नोकरी लागल्यावर कल्याणमध्येच फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. दोघींनी लग्न केलं नाही. खोली विकायची नाही असं त्यांनी ठरवलं आणि तिथे वस्तीतल्या मुलींसाठी अभ्यासिका काढली. बाबासाहेबांची तसबीर, लांब बाकं, भिंतीला पुस्तकांचं एक कपाट. सकाळ-संध्याकाळ बसायला जागा पुरायची नाही. पण मार्च उजाडला की दुपारी पश्चिमेचा पत्रा असा तापायचा, की त्याच्याकडे पाठ करून बसवत नसे. आणि परीक्षा नेमक्या तेव्हाच. घरी दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, पाहुणे आणि स्वयंपाक, म्हणून मुली अभ्यासिकेत यायच्या. अभ्यासिकेची भट्टी झाली की पुस्तक मिटून पुन्हा घरी. एकदा घरी बसलेली मुलगी परत येतेच असं नाही, हे लताताई सांगायच्या.

म्हणून मॅडमना पश्चिमेला एक भिंत हवी होती. जाड, ऊन आत न घेणारी. छपराचं नंतर बघू, आधी ती भिंत. आणि ती या ढिगातूनच उभी करायची, असं त्यांनी मनात घेतलं. क्यूबचे तुकडे, चुना, थोडंसं सिमेंट, आणि विटेला धरून ठेवायला व आतून पोकळ, हलकी करायला झाडाझुडपांचा धागा. त्यांना निवृत्त व्हायला थोडाच अवधी राहिला होता. निवृत्त झाल्या की मशीन त्यांचं राहणार नव्हतं, आणि मशीनवर पास न झालेली वीट त्या मुलींच्या पाठीशी उभी करणार नव्हत्या.

पहिला धागा त्यांनी निवडला तो उसाचा. कोपऱ्यावरच्या रसवंतीत चिपाडांचा डोंगर असायचा. रसवाला म्हणाला, "न्या की ताई, उलट उपकार होतील." आम्ही पोतीच्या पोती भरून आणली, उन्हात वाळवली, कुटली, आणि ढिगाच्या चुऱ्यात मिसळून शेडमागे विटा पाडल्या. मॅडम त्या दिवसांत इतक्या खूश होत्या की मला दोनदा दुपारी झोपू दिलं. पण विटा काही घट्ट होईनात. बोट लावलं की खळगा पडायचा. सिमेंट बदललं, पाणी कमी केलं, सरांनी "हवामान" असं कारण दिलं. मग एका सकाळी आम्ही बघतो तर शेडच्या खांबापासून विटांपर्यंत मुंग्यांची रांग लागलेली. काळ्या, शिस्तीत, दोन्ही बाजूंनी वाहतूक चालू.

दत्ता बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मुंग्यांनी पास केलीन ना."

मॅडमनी कपाळाला हात लावला. काँक्रीटच्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की साखर पडली की सिमेंट घट्ट होत नाही. रस्त्यात गाडी अडकून आतलं काँक्रीट गोठायला लागलं, तर ड्रायव्हर त्यात साखर टाकतात. ही गोष्ट मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. आणि आम्ही सगळे, सर्टिफिकेटं भिंतीवर लावलेले लोक, उसाच्या चिपाडांत सिमेंट कालवत बसलो होतो. चिपाड म्हणजे कचरा, एवढंच डोक्यात. कचऱ्यात गोडवा उरलेला असेल, हे कोणाच्याही मनात आलं नाही. मॅडम हसायला लागल्या त्या थांबेचनात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा पदराने पुसत म्हणाल्या, "आता मुंग्यांना हाकलू नका. त्यांचा माल आहे."

मग केळ आली. कल्याणच्या घाऊक बाजारात सणासुदीनंतर केळीचे खांब टाकून दिलेले असतात. मॅडम स्टेशनपर्यंत रिक्षा करायच्या आणि शेजारच्या सीटवर केळीचा अख्खा खांब बसवायच्या. एका रिक्षावाल्याने विचारलं, "मावशी, पूजा आहे का घरी?" मॅडम म्हणाल्या, "हो, चालूच आहे." त्या खांबांची सोपटं काढून लॅबमागच्या जुन्या टाकीत कुजत ठेवायची, मग धुऊन धागा ओढायचा. टाकीला असा वास सुटला की एक ग्राहक रिपोर्ट न घेताच निघून गेला. सरांनी मॅडमना आत बोलावलं. बाहेर आल्यावर मॅडमनी मला सांगितलं, "सर म्हणतात, लॅब आहे की तबेला. मी म्हटलं, तबेल्यात निदान दूध तरी मिळतं, इथे आपण नुसतं फोडतो." सर यावर काय म्हणाले ते त्यांनी सांगितलं नाही. टाकी मात्र दुसऱ्या दिवशीही तिथेच होती.

केळीच्या धाग्याबरोबर नारळाचा काथ्या घातला, दोन्ही आधी चुन्याच्या पाण्यात धुऊन घेतले. या विटा घट्ट झाल्या. मशीनवर ठेवल्या आणि जेवढी ताकद हवी तिच्या जरा अलीकडे फुटल्या. मॅडमनी शांतपणे पेन उघडलं आणि स्वतःच्या विटेसमोर 'नापास' लिहिलं. दत्ता कळवळून म्हणाला, "अवो जराशी तं कमी हाय. टॉवर थोराच बांदाचाय." लताताईंचा फोन आला, तोही मी ऐकला, कारण मॅडम फोन स्पीकरवरच ठेवायच्या.

"अगं ताई, एवढीशी भिंत. कोण बघायला येणारे?"

"मी येणारे," मॅडम म्हणाल्या.

याच सुमाराला एक ठेकेदार आला. घोडबंदरच्या एका मोठ्या कामावरचा, अत्तर लावून येणारा. त्याच्या पाचव्या मजल्याच्या स्लॅबचे क्यूब नापास झाले होते. त्याने कुठून तरी अभ्यासिकेची माहिती काढली होती. खुर्चीत पुढे सरकून तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या पोरींना भिंत पाहिजे ना? बोला फक्त. उद्या सकाळी कल्याणला एक ट्रक ब्लॉक उतरवतो, एकदम ए-वन. माणसं माझी, माल माझा. चार दिवसांत भिंत उभी. आणि आपला तो रिपोर्ट तेवढा जरा बघून घ्या."

मॅडमनी डोकं भिंतीला टेकवलं. इतर वेळी अशा माणसाला त्या वाक्य पूर्ण होऊ द्यायच्या नाहीत. त्या दिवशी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मार्च सुरू झालेला होता. त्या आदल्या रविवारीच अभ्यासिकेत जाऊन आल्या होत्या आणि दुपारी तिथे बाकं रिकामी होती, हे मला माहीत होतं. मला त्या क्षणी मनापासून वाटलं की मॅडमनी हो म्हणावं. खरं सांगतो, मी असतो तर म्हटलं असतं.

"तो स्लॅब फोडून परत घाला," मॅडम शेवटी म्हणाल्या. "त्याच्याखाली माणसं झोपणार आहेत."

"आणि भिंतीचं?"

"भिंत मी करीन."

तो गेल्यावर त्या शेडमागे गेल्या. मीही गेलो. नव्या विटांवर ओली गोणपाटं पसरलेली होती आणि मॅडम तांब्यातून त्यांवर पाणी शिंपडत होत्या. हे काम त्या कधी दत्ताला करू द्यायच्या नाहीत. शिंपडता शिंपडता माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. त्यांचे बाबा एका कारखान्यात रात्रीचे वॉचमन. सकाळी यायचे, जेवायचे आणि पत्र्याच्या त्या खोलीत झोपायचा प्रयत्न करायचे. उन्हाळ्यात आई पश्चिमेच्या पत्र्यावर आतून गोणपाटं टांगायची आणि कामावर जायची. गोणपाटं ओली ठेवायचं काम कमलचं.

"सुकली की खोली तापायची," मॅडम म्हणाल्या. "मी झोपले की बाबा उठायचे. माझ्या हातातला तांब्या काढून घ्यायचे आणि स्वतः शिंपडायला लागायचे."

मग म्हणाल्या, "सवय मोडली ती मोडलीच."

मी त्यानंतर त्यांच्यासमोर खुर्चीत मान टाकली नाही. टाकावीशी वाटायची, पण टाकली नाही.

धाग्याची लांबी, चुन्याचं प्रमाण, साच्यात ठासायची पद्धत, सगळं पुन्हा पुन्हा बदलत राहिलं. पावसाळा गेला. मॅडमच्या निवृत्तीचा दिवस आला तेव्हा शेवटच्या विटा गोणपाटाखालून नुकत्याच निघाल्या होत्या. ऑफिसात समोसे येऊन निवत होते, सर शाल आणि नारळ घेऊन तयार होते, आणि सत्कारमूर्ती शेडमध्ये. शेवटी सर सगळ्यांना घेऊन शेडमध्येच आले. घाईघाईत शाल पांघरली, नारळ हातात दिला. मॅडमनी नारळ उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "याची शेंडी कोणी काढू नका हं." सर भाषण करणार होते, ते राहूनच गेलं.

अंगावर शाल तशीच ठेवून मॅडमनी वीट तळहाताने पुसली. "हां, बोल बाबा आता." दत्ताने मशीन चालू केलं. मॅडमनी डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या बोटाकडे बघत होतो. कुजबुज ऐकू येईना. टकटक नाही, चरचर नाही. काटा हव्या त्या आकड्यापाशी आला, त्याच्यावरून पुढे गेला, आणि बोट खालीच. दत्ताने एकदा माझ्याकडे बघितलं. मग काटा थकल्यासारखा सावकाश थांबला आणि हळूहळू मागे यायला लागला. फाटकन आवाज झालाच नाही.

दत्ताने वीट बाहेर काढली. तिला भेगा पडल्या होत्या, एका कोपऱ्यातून ती दबली होती, पण अख्खीच्या अख्खी हातात आली. भेगांतून केळीचे धागे दिसत होते, दोन्हीकडची कड घट्ट धरून बसलेले.

"यो बोललाच नाय," दत्ता म्हणाला.

"बोलला," मॅडमनी डोळे उघडले. "हळू बोलला."

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "मॅडम, आजचा दिवस तुमची सही चालते." त्या म्हणाल्या, "माझ्या विटेवर माझी सही नाही चालत. तू बघितलंस ना? मग तू कर." तोवर मी असंख्य रिपोर्ट टाइप केले होते, पण खाली सही त्यांची असायची. मी नाव लिहिलं तेव्हा अक्षर एवढं वाकडं आलं की मॅडमनी चष्मा लावून बघितलं आणि "चालेल" म्हणाल्या. मग आम्ही गार समोसे खाल्ले. दत्ता कोपऱ्यात जाऊन रडून आला आणि मिरची लागली म्हणाला. मला तेही जमलं नाही.

थंडीत भिंत उभी राहिली. उरलेला ढीग टेम्पोने कल्याणला गेला, वस्तीतल्याच अंगणात विटा पाडल्या, वस्तीतल्याच एका गवंड्याने त्या रचल्या आणि मुलींनी घमेली उचलली. आतून चुना काढला. बाहेरून मॅडमनी गिलावा करू दिला नाही, त्यामुळे क्यूबच्या तुकड्यांवरची लाल अक्षरं जागोजागी विटांच्या अंगावर दिसत राहिली. भिंत पूर्ण झाली त्या रविवारी मी गेलो होतो. मुली बाहेर उभ्या राहून अक्षरं लावत होत्या. एक म्हणाली, "ए, हे बघ, लेक ब्रीझ. माझी आई जाते ना तिकडे कामाला." दुसरी म्हणाली, "मग काय, अख्खा घोडबंदर रोड आलाय आपल्याकडे. फुल पॉश."

मला त्यात त्या अत्तरवाल्याच्या साइटचं नावही दिसलं. मी मॅडमना हळूच विचारलं, "हा तर नापास झालेला होता ना?"

"हो. पण फुटून, धागा घालून पुन्हा बसलाय परीक्षेला," त्या म्हणाल्या. "नापास झालेल्यांनी कुठे जायचं मग? खाडीत?"

हे त्या मुलींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलल्या. एकदोघी हसल्या. एक जण हसली नाही, ती भिंतीकडे बघत राहिली.

त्यानंतर मॅडमची आणि माझी एकच गाठ पडली. तिला गाठ म्हणावी की नाही कोण जाणे, कारण मॅडम झोपलेल्या होत्या. पुढच्याच पावसाळ्यात त्या गेल्या, फार दुखणं न काढता, आणि लताताईंचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये त्यांच्याच खुर्चीत बसलो होतो. त्यामुळे हीच शेवटची.

एप्रिल होता. कल्याणला एका साइटवर क्यूब भरायला गेलो होतो आणि काम संपलं तेव्हा भर दुपार झाली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वस्तीत शिरलो तर कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला सावली धरून पडलेली. अभ्यासिकेचं दार लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि बाहेरचं ऊन बाहेरच राहिलं. गारवा म्हणण्याइतका गारवा नव्हता, वरचा पत्रा आपलं काम करत होता. पण माठ ठेवलेल्या कोपऱ्यात बसल्यावर वाटतं, तसं काहीतरी होतं. बाकं भरलेली होती. पानं उलटण्याशिवाय आवाज नव्हता, आणि तोही मुली जपून करत होत्या.

पश्चिमेच्या भिंतीला लागून शेवटच्या बाकावर मॅडम बसल्या होत्या. चष्मा मांडीवर, तळहात उघडे, तोंड जरासं उघडं, डोकं मागे भिंतीला टेकलेलं. मी पुढे झालो तशी एका मुलीने ओठांवर बोट ठेवलं.

लताताई दारापाशी आल्या आणि कानाशी पुटपुटल्या, "हल्ली रोज लागते तिला. इथे आली की पाच मिनिटांत. इतक्या वर्षांत मी हिला दुपारी झोपलेली बघितली नव्हती. उठवू का? तू आलास म्हटल्यावर उठेल."

माझ्या खिशात लॅबच्या किल्ल्यांचा जुडगा होता. तो वाजू नये म्हणून मी खिशातच मुठीत घट्ट धरला.

"नको," मी म्हटलं. "झोपू दे त्यांना."

थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. भिंतीपलीकडे, त्या लाल अक्षरांत, दुपार अंगावर घेऊन सगळे टॉवर उभे होते, आणि अलीकडे मॅडमच्या डोक्यामागे, नव्या चुन्यावर, तेलाचा गोल डाग नुकताच धरायला लागला होता. मी दार ओढून घेतलं आणि उन्हात बाहेर आलो.